भरतीचं ग्राउंड पहाटे, सराव संध्याकाळी: या चुका टाळा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पार्क स्टेडियमपासून जुळे सोलापूरच्या मोकळ्या प्लॉटपर्यंत पोरं पळताना दिसतात. मेहनतीत कुणी कमी नसतं. तरी दर भरतीला ग्राउंडवर, म्हणजे मैदानी चाचणीत, त्याच त्या चुकांनी मार्क जातात, आणि बघून जीव तुटतो.

सगळ्यात महागात पडते ती सरावाची वेळ. आपल्या शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी असतं आणि दुपारी चार ते संध्याकाळी सात या वेळात सर्वांत जास्त. अंग उबदार असलं की स्नायूंना जोर येतो, सांधे मोकळे होतात. म्हणून संध्याकाळचं टायमिंग चांगलं येतं, आणि पोरं तेच आपलं खरं टायमिंग धरून बसतात.

गेल्या भरतीला एक मुलगा होता. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात काम, सुटला की होटगी रोडला सराव. सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत मारायचा, म्हणजे 20 पैकी 20. त्याला सांगून थकलो की शेवटचे तीन आठवडे तरी पहाटे पळ. उत्तर ठरलेलं: "सर, टायमिंग बसलंय की, आता कशाला बदलायचं?"

ग्राउंडच्या दिवशी हा साडेचारला रांगेत. कुणीतरी सांगितलं म्हणून प्री-वर्कआउट पावडरचा (व्यायामाआधी घ्यायची कॅफिनवाली पावडर) दीड स्कूप रिकाम्या पोटी, गेटवरच घेतला. तोही आयुष्यात पहिल्यांदा. मग कागदपत्रं, उंची-छाती, चेस्ट नंबर. पळायची पाळी आली सातला. तोवर हात थरथरायला लागलेले, पोटात कळा, दोनदा संडासला जाऊन आलेला. वॉर्मअप म्हणून जागेवर चार उड्या मारल्या आणि शिट्टी वाजली. तिसऱ्या राऊंडला पाय उचलेनात. वीस सेकंद जास्त लागले. परत येताना तो एक शब्द बोलला नाही.

ताकद कमी नव्हती त्याची. पहाटेच्या वेळेला शरीर सरावलेलं नव्हतं. नेमाने पहाटे पळणाऱ्याचा सकाळ-संध्याकाळचा फरक बराच कमी होतो, पण त्याला आठवडे लागतात. चार दिवस आधी जागं होऊन भागत नाही.

माझी पद्धत सांगतो. ग्राउंडच्या महिनाभर आधीपासून उठायची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणायची. उजाडलं की उन्हात थांबायचं, कारण मेंदूतलं घड्याळ उजेडावर लागतं. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत. संध्याकाळी दहा मिनिटांचा वॉर्मअप पुरतो. पहाटे पंचवीस मिनिटं द्या, आधी चालणं, मग हळू जॉगिंग, शेवटी तीन-चार वेगाचे तुकडे. नंबर पुकारेपर्यंत ट्रॅकसूट अंगावरून काढू नका.

आता कॉफी. कॅफिनचा फायदा होतो, हे खरं आहे. पण ते थकव्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही, एवढंच त्याचं काम. झोप भरून काढणं त्याला जमत नाही. रक्तात त्याचा जोर साधारण अर्ध्या ते एका तासात चढतो आणि निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला 200 मिलिग्रॅम कॅफिनचा स्कूप घेतला तर रात्री अकराला जवळपास 100 अंगातच असतं, आणि अलार्म तर साडेतीनचा. मग सकाळी डोळे उघडत नाहीत म्हणून पुन्हा स्कूप. या चक्रात चांगली पोरं बिघडताना बघितली आहेत. मी दुपारी दोननंतर कॉफी घेऊ देत नाही. ग्राउंडला घ्यायचीच असेल तर सरावात आजमावलेली, साधी एक कप, नंबर जवळ आल्यावर. पावडरचा मला राग आहे. डब्यात नेमकं किती कॅफिन आहे हे पोरं वाचतही नाहीत.

चहात कॅफिन नसतं असं समजू नका. साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम एका कपात असतं, आणि टपरीवर दिवसाला सहा कप होतात.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 40 च्या वर असतो, तेव्हा "चार वाजता ताकद जास्त" म्हणून भर उन्हात पळू नका. सहानंतर पळा.

रविवारी दहापर्यंत झोपलात की सोमवारची पहाट पुन्हा जड जाते.

एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी ड्युटी सुटल्यावर तसंच ग्राउंडवर येऊ नये. आधी खोलीत अंधार करून झोपा, सराव संध्याकाळी करा. ग्राउंडची तारीख कळली की लगेच मालकाशी बोलून निदान दोन आठवडे दिवसपाळी मागून घ्या. उशिरा मागितली की बदली माणूस नसतो.