गेम इन्स्टॉल होत नाहीये? या चुका टाळा

सेटअप मध्येच अडकतो, एरर येते, आपण ती बंद करतो आणि सेटअप पुन्हा चालवतो. तो पुन्हा तिथेच अडकतो. मग अँटिव्हायरस काढून टाकला जातो, ड्रायव्हर बदलले जातात, शेवटी कुणीतरी 'विंडोज मारून घे' असा सल्ला देतं. अख्खा रविवार जातो आणि हाती काहीच लागत नाही. रोग रेड्याला, औषध पखालीला!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एरर न वाचणं. 'इन्स्टॉल होत नाही' असं आपण तीन वेगवेगळ्या बिघाडांना म्हणतो: डाउनलोड अर्धवट आहे, फाइली उलगडताना अडतंय, किंवा इन्स्टॉल नीट झालंय पण गेम उघडत नाही. तिन्हींचे उपाय वेगळे. म्हणून एररचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्यातला आकडा बघा. विंडोज इन्स्टॉलरची १६१८ ही एरर आली तर त्याचा अर्थ इतकाच, की मागे दुसरं काहीतरी इन्स्टॉल होतंय. ते संपू द्या, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, काम होईल.

जागेचा हिशेब

५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबीच दिसते. त्यातून विंडोज आणि बाकीचे प्रोग्रॅम वजा करा. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच १५० जीबी मागतो. आणि गेमचा आकार म्हणजे लागणारी जागा नव्हे. सेटअपच्या दाबलेल्या फाइली एकीकडे, उलगडलेला गेम दुसरीकडे, असं दोन्ही काही काळ डिस्कवर एकत्र असतं.

खरी फसगत होते ती सी ड्राइव्हमुळे. गेम डी ड्राइव्हवर टाकायचा, तिथे भरपूर जागा, तरी 'डिस्क फुल'. कारण बरेच सेटअप फाइली आधी सी ड्राइव्हवरच्या टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरमध्ये उलगडतात. सेटअप बंद करा, सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज असं जाऊन टेम्पररी फाइल्स साफ करा. त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही असतो. त्यावर खूण नाही ना, हे बघून घ्या, नाहीतर गेमचा सेटअपच पुसला जाईल.

मित्राकडून पेनड्राइव्हवर सेटअप आणत असाल तर पेनड्राइव्हचा फॉरमॅट बघा. फॅट३२ असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसतच नाही. आतला डेटा दुसरीकडे हलवून एक्सफॅट करून घ्या.

खात्याचं नाव देवनागरीत?

ही अडचण आपल्याकडच्या लोकांना खास येते. विंडोजचं खातं मराठी नावाने बनवलं, की यूजर्समधल्या तुमच्या फोल्डरचं नावही देवनागरीत होऊ शकतं, आणि टेम्प फोल्डर त्याच्याच पोटात. जुन्या घडणीच्या सेटअपना हा पत्ता वाचता येत नाही. 'फाइल सापडत नाही' असं सांगून ते थांबतात. सेटिंग्जमध्ये जाऊन खात्याचं नाव बदललं तरी फोल्डर तसाच राहतो. तो हाताने बदलायला जाऊ नका, खातं बिघडेल. इंग्रजी अक्षरांत नाव देऊन नवं लोकल खातं उघडा, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्या आणि गेम तिथून टाका.

सुटी डीएलएल फाइल उतरवणं

डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती मदतनीस फाइल. 'व्हीसीरनटाइम१४० डीएलएल मिसिंग' असं दिसलं, की लोक ते नाव गूगलवर टाकतात आणि कुठल्या तरी साइटवरून ती एकच फाइल आणून सिस्टीम फोल्डरमध्ये कोंबतात. कृपा करून हे करू नका. ती फाइल कुणी बनवली, आत काय आहे, ३२ बिटची की ६४ बिटची, काहीच कळत नाही. चुकीची बसली तर शेवटी ७बी असलेली ती कुप्रसिद्ध एरर येते आणि एकाऐवजी दोन दुखणी होतात.

या फाइलीचं मूळ घर म्हणजे मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल. ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतं. एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) अशी दोन्ही टाका. विंडोज ६४ बिट असली तरी कितीतरी गेम ३२ बिटचे असतात. गायब फाइलीचं नाव डी३डीएक्स९ने सुरू होत असेल तर जून २०१०चं डायरेक्टएक्स (गेमच्या ग्राफिक्ससाठीचा मायक्रोसॉफ्टचा संच) रनटाइम हवं. डायरेक्टएक्स १२ असलं म्हणून या जुन्या फाइली आपोआप येत नाहीत.

अँटिव्हायरस बंद करा, असं कुणी सांगितलं तर

अधिकृत गेमची फाइल डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने, अडवली असेल तर त्याच्या प्रोटेक्शन हिस्टरीत नोंद सापडते. तेवढीच फाइल सोडवा. पण फुकटचा रीपॅक (कुणीतरी परस्पर दाबून वाटलेला गेम) स्वतःच 'अँटिव्हायरस बंद करा' म्हणत असेल तर त्याच कॉम्प्युटरवर तुमची बँक, आईबाबांची कागदपत्रं आणि सगळे पासवर्ड आहेत, हे लक्षात घ्या. एपिक गेम्स स्टोअर दर आठवड्याला चांगले गेम फुकट देतं आणि स्टीमवर सेल लागतच असतात. एवढा धोका कशासाठी पत्करायचा?

फाइल खराब की रॅम?

स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये, इन्स्टॉल्ड फाइल्सखाली फाइली तपासायची सोय आहे. पूर्ण गेम पुन्हा उतरवण्याआधी ती वापरा. खराब तेवढाच भाग परत येतो. दर वेळी एकाच फाइलीवर अडत असेल तर डाउनलोड किंवा डिस्कवर संशय घ्या. दर वेळी वेगळ्याच फाइलीवर अडत असेल तर रॅम तपासा. विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक त्यासाठीच आहे.

व्हॅलोरंटची गोष्ट निराळी. विंडोज ११वर हा गेम टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) मागतो. पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, घाईने बदल करू नका. आधी सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड बघा. तिथे 'लेगसी' लिहिलं असेल तर सरळ बदल केल्याने विंडोज सुरूच होणार नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

आणि घरात जपून ठेवलेल्या जुन्या सीडी? त्यांतल्या बऱ्याच गेमना सेफडिस्क नावाचं कुलूप होतं, ज्याचा ड्रायव्हर विंडोज १०ने २०१५पासून चालवणंच बंद केलं. काहींचा सेटअप १६ बिटचा, तो ६४ बिट विंडोजवर चालत नाही. तिथे डोकं आपटण्यापेक्षा तोच गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात शोधा. जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे करून विकणं हेच त्यांचं मूळ काम आहे.