अंगणासाठी सावलीचं झाड, तेही वसंतात फुलणारं: निवड कशी करावी

माझ्या अंगणात बहावा आहे. लावला होता तो दुपारी खुर्ची टाकून बसायला सावली मिळावी म्हणून. झाड मोठं झालं तेव्हा कळलं, की ऐन चैत्रात ऊन भाजून काढत असताना हा गडी उघडाबोडका उभा असतो. मग पिवळे घोस लोंबायला लागतात, रस्त्यावरून जाणारे मान वर करून बघतात आणि मी खुर्ची उचलून भिंतीच्या आडोशाला जातो.

बहाव्याची यात काही चूक नाही. पळस, पांगारा, काटेसावर ही वसंतातली देखणी झाडं आधी पानं गाळतात आणि मग फुलतात. पानांचा पडदा नसल्याने फुलं लांबून दिसतात, पक्षी आणि मधमाश्या येतात. फुलाला जे सोयीचं, ते सावलीला गैरसोयीचं. म्हणून रोपवाटिकेत जायच्या आधी ठरवा: सावली नेमकी कोणत्या महिन्यात हवी?

आधी जागा मोजा

मार्च-एप्रिलमध्ये, दुपारी तीनच्या सुमारास अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी रोवा आणि तिची सावली मोजा. ती 80 सेंटिमीटर भरली, तर 8 मीटर उंच झाडाच्या शेंड्याची सावली त्या वेळी बुंध्यापासून साधारण 6.4 मीटरवर पडेल. हा प्रयोग थंडीत केलात तर फसाल, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं. त्यामुळे जिथे बसायचं किंवा जी भिंत तापते, तिच्या पश्चिमेला झाडाची जागा शोधा.

आता वर बघा, विजेची तार आहे का? मग खाली: पाण्याची पाइपलाइन, शोषखड्डा, शेजाऱ्याची भिंत. पूर्ण वाढलेल्या झाडाच्या फांद्यांचा घेर जितका रुंद होईल, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त अंतर भिंतीपासून सोडा. मुळं घेराच्याही बरीच पलीकडे जातात आणि बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात. फरशी उचलली जाते ती यामुळेच.

जमीन तपासा

दोन फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं असेल, तर ही जमीन पाणी धरून ठेवणारी आहे. तिथे बहावा रुसतो, ताम्हण चालून जातं.

आता झाड निवडा

माझी पहिली पसंती ताम्हण. त्याला जारुळही म्हणतात आणि ते महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे. पानं हिवाळ्यात लालसर होऊन गळतात, पण नवी पालवी फुलांच्या आधी येते आणि जांभळे तुरे फांद्यांच्या टोकाला, पानांच्या वर उभे राहतात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये फूल आणि सावली दोन्ही मिळतात. पाणी मात्र त्याला लागतं. कोरड्या, मुरमाड जागेत ते खुरटतं.

पाण्याची टंचाई असेल तर करंज. पानं गळली-गळली म्हणेपर्यंत नवी कोवळी, तकतकीत पालवी फुटते, आणि वैशाखातली तिची गर्द सावली कुठल्याही छत्रीपेक्षा बरी. फुलं फिकट गुलाबी-पांढरी, बारीक. लांबून डोळ्यांत भरत नाहीत, पण सकाळी झाडाखाली लाह्यांचा सडा पडलेला असतो. पानांवर बारीक गाठी दिसल्या तर घाबरू नका. झाडाचं सहसा काही बिघडत नाही.

पानं कधीच पूर्ण गळू नयेत असं वाटत असेल तर सीताअशोक. फुलं नारिंगी-लाल, थेट खोडावर आणि जुन्या फांद्यांवरही येतात. वाढ संथ, आणि लहानपणी थोडी सावली व ओल लागते, एवढा धीर हवा. विकत घेताना पूर्ण नाव सांगा. नुसतं ‘अशोक’ म्हणालात तर खांबासारखा सरळसोट, लांब पानांचा भलताच ‘अशोक’ हातात येईल. त्याची सावली मांजरालाही पुरत नाही.

गुलमोहराचा मोह सगळ्यांनाच होतो. तो मूळचा मादागास्करचा. मोकळ्या मैदानात शोभतो. घराजवळ वादळात फांद्या मोडतात आणि उथळ मुळं फरशी उचलतात. काटेसावर तर अंगणात नकोच. झाड अवाढव्य, खोडावर काटे, आणि शेंगा फुटल्या की घरभर कापूस.

रोप बघून घ्या

सर्वांत उंच रोपाकडे हात जातो, तो आवरा. तीन-चार फुटांचं, बुंध्याशी जाड आणि वर निमुळतं होत गेलेलं रोप लवकर जीव धरतं. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलंय किंवा मुळं आत गोल-गोल फिरलीत, तर दुसरं घ्या. ती गुंडाळी जमिनीतही सुटत नाही आणि काही वर्षांनी झाड स्वतःच्याच मुळांनी आवळलं जातं.

लावणी

पहिल्या पावसानंतर लावा. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा, आणि खोड जिथे मुळांकडे पसरट होतं तो भाग जमिनीच्या वर राहू द्या. तो पुरला की बुंधा कुजायची भीती. आधाराची काठी थोड्या अंतरावर रोवून सुतळी इंग्रजी 8 च्या आकड्यासारखी सैल बांधा आणि वर्षभराने सोडा. आळ्यात पालापाचोळा पसरा, बुंध्यापासून चार बोटं दूर. पहिले दोन-तीन उन्हाळे रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी आळं भरून पाणी द्या, आणि झाड वाढेल तसं आळं रुंद करत जा. बुंध्याशी ओतलेलं पाणी लांब गेलेल्या मुळांना मिळत नाही.

बहावा मी काढलेला नाही. पश्चिमेच्या बाजूला एक करंज लावलाय, गुडघ्याएवढा झालाय. तोवर खुर्ची भिंतीपाशीच.