मानदुखी जुनी असेल तर आधी 'हो' म्हणायला शिका

तीन महिन्यांहून जास्त दिवस मान दुखत असेल, तर बहुतेक जण ती गरागरा फिरवतात किंवा कडकन मोडतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा तेच. अशा मानेत बऱ्याचदा मणक्यांना पुढून लागून असलेले खोल स्नायू कमजोर पडलेले असतात. मग चार-पाच किलोंचं डोकं तोलायचं काम वरवरच्या स्नायूंच्या गळ्यात पडतं.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, सोबत ताप असेल किंवा पडल्या-आपटल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना गाठा.

सतरंजीवर उताणे झोपा, गुडघे दुमडा. डोक्याखाली टॉवेलची घडी घ्या. हनुवटी छताकडे उचललेली दिसली तर आणखी एक घडी वाढवा. आता हळूच 'हो' म्हणताना मान जेवढी हलते, तेवढीच हनुवटी गळ्याकडे न्या. डोकं टॉवेलवरून उचलायचं नाही, फक्त घसरू द्यायचं. 10 सेकंद थांबा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून दोनदा.

चूक होते ती इथेच. कानामागून गळ्याच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्नायूवर दोन बोटं ठेवा. तो दोरीसारखा ताठला, दात आवळले गेले किंवा श्वास कोंडला, तर जोर जास्त होतोय. हालचाल निम्मी करा, 5 सेकंदांवर या.

दोन आठवड्यांनी बसून तळहात कपाळाला लावा आणि मान न हलवता डोक्याने हाताला रेटा. ताकद पाव हिश्शाएवढीच, 10 सेकंद. मग मागून आणि दोन्ही बाजूंनी.

खांद्यांना विसरू नका. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून कोपरं मागे ओढा: 12 वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. खांदे कानांकडे चढू लागले तर हलका पट्टा घ्या.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते ओसरायला हवं. नाहीच ओसरलं, तर फेऱ्या कमी करा, व्यायाम बंद करू नका. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. पुष्कळ जण तिसऱ्याच आठवड्यात कंटाळून पुन्हा मान मोडायला लागतात.