पडक्या घरात पोरांनी भलतंच काहीतरी ऐकलंय? या चुका टाळा

मे महिन्यात कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या खानापूर-चंदगडकडची पोरं करवंदं काढत काढत एखाद्या पडक्या घरात घुसणारच, ते काय थांबत नाही. गोंधळ होतो तो आत आधीच कोणीतरी बसलेलं असलं की. गोव्याची स्वस्त दारू चोर्ल्याच्या घाटातून इकडं येते हे इथं कुणाला नवीन नाही, आणि माल लपवायला बंद घर बरंच पडतं.

पोरांची पहिली चूक म्हणजे "थांब रे, काय बोलालेत बघू" म्हणत तिथंच चिकटून बसणं. कानावर पडलं तेवढं बास, मोबाईल सायलेंट करून आल्या वाटेनं मागं फिरा. व्हिडिओच्या नादाला लागूच नका, स्क्रीनचा उजेड अंधारात लगेच दिसतो. बाहेर गाडी असली तर नंबर बघा, पूर्ण नाही जमला तर निदान केए २२, केए २३, एमएच ०९ की गोव्याची जीए एवढं तरी. पुरावा म्हणून पोतं-बाटली उचलून आणू नका.

आता घरचे. आधी दोन ठेवून द्यायच्या आणि मग विचारायचं, मग पोरगं कशाला बोलतंय? आणि "चाकू होता काय?" असं विचारलं की ते हो म्हणून मोकळं होतं. "अजून काय दिसलं?" एवढंच विचारा, त्याचेच शब्द लिहून घ्या, कन्नड-कोंकणीतलं कळलं नसेल तर कळलं नाही असंच लिहा.

सगळ्यात घातक चूक मात्र ग्रुपवर टाकून काठ्या घेऊन जायची. जुलै २०१८ मध्ये बिदर जिल्ह्यात मुरकी गावात पोरांना चॉकलेट दिली एवढ्यावरून मुलं पळवणारे आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरली आणि हैदराबादचा एक तरुण इंजिनिअर जमावाच्या मारानं गेला. आत बसलेले घरमालकाचे गवंडी पण असू शकतात की!

त्यापेक्षा ११२ लावा, दोन्ही राज्यांत चालतो, फक्त गाव, तालुका, जिल्हा आधी सांगा कारण बाची कर्नाटकात आणि लगेच पुढं शिनोळी महाराष्ट्रात. "आमची हद्द नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, दखलपात्र गुन्हा असेल तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आणि १५ वर्षांखालचा मुलगा किंवा कुठल्याही वयाची मुलगी असली तर साक्षीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, कलम १७९, पोलिसांनी घरी यायचं.

पोरगं रात्री दचकून उठायला लागलं तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि पाहुणे आले की तोच किस्सा परत परत सांगायला लावू नका.