फवारणी पंपाची बॅटरी फेकण्याआधी मीटर लावून पाहा

कपाशीची फवारणी ऐन जोरात असते, अन् पंपाची बॅटरी दोन टाक्यांतच मान टाकते. पॅक लिथियमचा असेल तर लगेच नवा घेऊ नका. बारा व्होल्टच्या अशा पॅकमध्ये बहुधा सेलचे तीन गट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज करून प्रत्येक गट मल्टिमीटरनं वेगळा मोजा, 4.2 व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. माझ्या पॅकचे दोन गट 4.1 वर होते, तिसरा 2.9 वर. सारं रडगाणं त्या एकाचं!

तरी बदलताना कंजुषी नको. नवा सेल जुन्यांत घुसवला की जुने त्याला ओढत नेतात. सगळे सेल नवे, एकाच कंपनीचे, सारख्या क्षमतेचे घ्या आणि जोडण्याआधी व्होल्टेज जुळवा. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, उष्णतेनं आतला पडदा खराब होतो. तालुक्याला स्पॉट वेल्डिंगवाला असेल तर निकेलच्या पट्ट्या त्याच्याकडूनच लावून आणा. बीएमएसची पट्टी, म्हणजे सेल जादा चार्ज किंवा पार रिकामे होऊ न देणारं सर्किट, परत बसवायचीच, ‘तिच्याविनाही चालते’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. चार्जर 12.6 व्होल्टचाच, शिशाच्या बॅटरीचा चार्जर 14 च्या वर जातो.

हातातलं कडं, अंगठी आधी काढा. फुगलेला सेल उघडूच नका. आणि पॅक उन्हाळाभर टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका, माजघरात कोनाड्यात ठेवा.