ऐतिहासिक कादंबरीतले संवाद अभ्यासताना या चुका टाळा

'तू' किती, 'तुम्ही' किती, 'आपण' किती, अशी मोजदाद करून आदराचा निष्कर्ष काढला की प्रॅग्मॅटिक विश्लेषण, म्हणजे कोण, कुणाला, कुठल्या प्रसंगी बोलतंय यावरून अर्थ शोधणं, तिथेच फसतं. मराठीत सर्वनाम बरेचदा गळतं आणि क्रियापद सगळं सांगतं: 'आलास', 'आलात', 'यावं'. नुसती सर्वनामं शोधली तर ही वाक्यं निसटतात. 'आपण निघावं' आणि 'आपण निघू' यांतले 'आपण' एका रकान्यात टाकू नका. 'श्रीमंतांनी विश्रांती घ्यावी' यात तर समोरच्यालाच तृतीय पुरुषात बोललं जातं.

खरी मेख नातं आणि हुद्दा यांच्या ओढाताणीत असते. माधवराव १७६१ मध्ये पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते. चुलते रघुनाथराव नात्याने वडीलधारे, पण मसनद पुतण्याकडे. नमुन्यासाठी रचलेलं एक वाक्य घ्या. चुलते म्हणतात, "माधवा, मोहिमेचं आपण ठरवलंच आहे, मग आम्हांला विचारता कशाला?" 'माधवा' घरातलं, 'आपण' दरबारातलं. आदरार्थी रूप आलं म्हणून आदर वाढला असं लिहू नका. इथे वाढलंय ते अंतर. वाक्य प्रश्नार्थक असलं तरी होतेय ती तक्रार. याचा पुरावा उत्तरात शोधा. "काका, तसं नाही," असं उत्तर आलं तर तक्रार पोचली आणि पुतण्याने हुद्दा बाजूला ठेवून नातं पुढे केलं. म्हणून सुटं वाक्य कधीच उचलू नका. मागची-पुढची दोन-दोन वाक्यं घ्या आणि दालनात आणखी कोण आहे तेही नोंदवा. कारभाऱ्यांसमोर हेच वाक्य पेशव्यांच्या अधिकाराला धक्का देतं.

दुसरी चूक भाषातत्त्वज्ञ ग्राइसच्या संभाषणाच्या नियमांबाबत होते. गरजेपुरतीच माहिती द्यावी, हा त्यातलाच एक नियम. "पानिपतावर भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले," असं एक सरदार दुसऱ्याला सांगतो. दोघांनाही ते ठाऊक आहे, म्हणजे जरुरीपेक्षा जास्त माहिती दिली. मग लगेच सूचितार्थ, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, काढायचा मोह होतो. पण बहुधा ही माहिती वाचकासाठी असते. तक्त्यात 'पात्र ते पात्र' आणि 'लेखक ते वाचक' असे वेगळे रकाने ठेवा. ऐकणारं पात्र चिडलं, खजील झालं, गप्प बसलं, तरच पहिल्या रकान्यात नोंद करा.

कादंबरीतल्या पत्रांचंही तसंच. 'तीर्थस्वरूप' आणि 'कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना' हा ठरलेला मायना आहे; त्यावरून जिव्हाळा मोजता येत नाही. मायना मुद्दाम तोडला असेल, तर मात्र तिथे थांबून बघा.