हीटर काढायचा नाही, सुटसुटीत करायचा: ९११ च्या कामाआधीची तयारी

गाडी जॅकवर चढवण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवा. हीटर काढून टाकायचाय की सुटसुटीत करायचाय? जुन्या पोर्शे ९११ चे मालक दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि मग अर्धं काम झाल्यावर डोकं धरून बसतात. मी श्टुटगार्टजवळ राहतो. इथे रस्त्यावर गाडी चालवायची तर हीटर लागतोच. जर्मन वाहन नियमावलीच्या कलम ३५ सी प्रमाणे ताशी २५ किलोमीटरपेक्षा वेगवान गाडीची बंद केबिन पुरेशी गरम करता आली पाहिजे आणि तिच्यात हवा खेळती ठेवता आली पाहिजे. ३० वर्षं जुन्या गाडीला मिळणारी एच-पाटी (ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट) हवी असेल, तर बदल त्या काळाला साजेसा हवा. म्हणून पहिली तयारी हत्यारांची नाही. तपासणी करणाऱ्या साहेबांना फोन करा आणि काय करणार आहात ते आधी सांगून ठेवा. नंतर ऐकून घेण्यापेक्षा ते बरं.

दुसरी तयारी म्हणजे हवेचा रस्ता कागदावर काढणं. या गाडीत रेडिएटर नाही, त्यामुळे गरम पाण्यावर चालणारा नेहमीचा हीटरही नाही. इंजिनाच्या पंख्याच्या पोटातच ऑल्टरनेटर बसलेला असतो. त्या पंख्याची बहुतेक हवा सिलिंडरांवर जाते. थोडी बाजूला वळून खाली उतरते आणि एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती असलेल्या पत्र्याच्या जॅकेटात शिरते. हेच हीट एक्स्चेंजर, एक डावा आणि एक उजवा. तिथे तापलेली हवा पुढे झडपेच्या डब्यात येते. झडप उघडी असेल तर दाराखालच्या पोकळ उंबऱ्यातून पायांशी आणि समोरच्या काचेवर जाते, बंद असेल तर गाडीखाली बाहेर पडते. म्हणजे तुम्हाला ऊब हवी असो वा नको, एक्स्चेंजरमधून हवा वाहतच असते. हे एक वाक्य गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा.

माझी गाडी १९८६ ची ३.२ कॅरेरा. या मॉडेलात हवेच्या वरच्या रस्त्यात विजेवरचा ब्लोअर घातलेला आहे. इंजिनच्या खोलीत डाव्या बाजूला तो आणि त्याच्या काळ्या जाड नळ्या ठाण मांडून बसतात. सुटसुटीत करायचं म्हणजे ही मधली भानगड काढून, आधीच्या ९११ सारखी, पंख्याच्या कव्हरापासून एक्स्चेंजरपर्यंत थेट होस नेणं. फायदा असा की डावीकडे हात घालायला जागा होते आणि बिघडण्यासारखी एक मोटर कमी होते. तोटाही आहेच. सिग्नलला थांबल्यावर पंखा हळू फिरतो आणि ढकलायला ब्लोअर नसतो, म्हणून काचेवरची वाफ लवकर जात नाही. रोज ट्रॅफिकमध्ये गाडी नेत असाल तर माझा सल्ला: हे काम करूच नका.

कधी करायचं? ऑक्टोबरच्या शेवटी. इथे पुष्कळांच्या जुन्या गाड्यांना हंगामी पाटी, म्हणजे वर्षातले ठरावीक महिनेच चालणारी नंबरप्लेट असते, त्यामुळे थंडीत गाडी उभीच राहते. पण पाटीची मुदत संपायच्या आधी दोन-चार गारठलेल्या सकाळी हातात राहतील असं बघा. जूनमध्ये हीटर तपासून काय कळणार?

सामान आधी मागवा, मोडतोड नंतर. नवी होस उष्णता सोसणारी हवी, साधी व्हॅक्यूम क्लीनरची नळी नको. तोंडांचे व्यास स्वतःच्या गाडीवर मोजा, कारण मधल्या मालकाने काय बदललंय ते कुणाला ठाऊक. त्याशिवाय स्टेनलेस क्लिपा, एक्झॉस्टचे नवे गॅस्केट, नवे नट. जुने गॅस्केट कोरडे खरवडू नका. जर्मनीत ॲस्बेस्टॉसवर बंदी आली १९९३ साली, गाडी त्याच्या आधीची, म्हणजे गॅस्केटात तो घातक धागा असू शकतो. ओलं करून काढा आणि तोंडाला चांगला मास्क लावा.

आता एक्स्चेंजर. हेही बदलायचे असतील तर खरी परीक्षा नटांची असते. सहा सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्टड (नट बसतो ते आट्यांचे दांडे), म्हणजे बारा जागा आणि तितकीच वर्षानुवर्षांची उष्णता व गंज. कामाच्या चार-पाच दिवस आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारा. नमनालाच घडाभर गेलं तरी चालेल. काही नट खोलात असतात, त्यांना लांब ॲलन की लागते. ती आधीच आणून ठेवा. नट हलत नसेल तर थांबा, उष्णता द्या, घट्ट-सैल असं पुढेमागे करा. मी एकदा रविवारी दुपारी, जेवण लांबल्याच्या रागात, पान्याला पाईप जोडून जोर लावला. कट् असा आवाज आला. तो स्टड काढण्यात पुढचे दोन शनिवार-रविवार गेले आणि जेवण तर तसंही गार झालं होतंच.

एक्स्चेंजर तेच ठेवणार असाल तर त्यांची कसून तपासणी करा, आळस नको. आतल्या नळीला भोक असेल तर धूर थेट तुमच्या पायांशी येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. होस काढून दोन्ही तोंडांतून टॉर्च मारा. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून हवा ढकला आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा. केबिनमध्ये ठेवायला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म याच यादीत धरा. तेलाचा जळका वास येत असेल तर ते बहुतेक व्हॉल्व्हच्या कव्हरातून किंवा तेल परतीच्या नळ्यांतून एक्स्चेंजरवर ठिबकणारं तेल असतं. ती गळती आधी बंद करा.

एक्स्चेंजर जागेवर ठेवून वरची तोंडं बुजवायची, हा शहाणपणा मुळीच नको. आतली हवा वाहायची थांबली की ते जॅकेट भट्टीसारखं तापतं. याउलट, फक्त शर्यतीच्या गाडीसाठी साधे हेडर (जॅकेट नसलेल्या एक्झॉस्टच्या नळ्या) बसवत असाल, तर पंख्याच्या कव्हराची तोंडं बंद करावीच लागतात, नाहीतर सिलिंडरांच्या वाट्याची हवा वाया जाते. इंजिनाभोवतीच्या पत्र्यातली मोकळी भोकंही बुजवा. तो पत्रा वरची गार आणि खालची गरम हवा वेगळी ठेवतो.

किरकोळ गोष्टी: बॅटरी काढून ठेवा, ब्लोअरचा मोकळा प्लग टेपने गुंडाळून बांधा, गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नको. काढण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो घ्या. झडपेच्या डब्यांच्या केबल हाताने हलवून बघा. गंजाने अडकलेली झडप हे थंड केबिनचं नेहमीचं कारण, आणि बिचाऱ्या ब्लोअरवर उगाच आळ येतो. काढलेला प्रत्येक भाग पेटीत घालून नाव लिहून ठेवा. माझी पेटी माळ्यावर दिवाळीच्या कंदिलाशेजारी आहे.

शेवटी टिश्यू पेपरच्या दोन पट्ट्या तयार ठेवा. पहिल्या थंड सकाळी इंजिन तापलं की पायांशी असलेल्या दोन्ही तोंडांपुढे एकेक धरायची आणि दुसऱ्या कुणाला तरी रेस द्यायला सांगायची. दोन्ही सारख्याच फडफडल्या पाहिजेत. माझी उजवी नुसतीच लोंबत होती. खाली वाकून पाहिलं तर एक क्लिप घट्ट करायची राहिली होती.